हप्ता सुरू, नोंदणी बाकी: तरुण मानसतज्ज्ञांनी पुढचं पाऊल कसं ठरवावं

मानसशास्त्रात एम. ए. किंवा एम. एस्सी. करून बाहेर पडलेल्या वाचकांची बरीच पत्रं एकाच पेचाची असतात. शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता तोंडावर आलेला असतो. समोर शाळेतली समुपदेशकाची नोकरी असते, एखाद्या क्लिनिकने टक्केवारीवर काम देऊ केलेलं असतं, एखादी कंपनी मनुष्यबळ विभागात जास्त पगार देत असते आणि घरातून विचारणा होत असते की आणखी दोन वर्षं शिकून ‘पूर्ण’ का होत नाही. मग तुम्ही विचारता, यातलं काय निवडावं? हा प्रश्न आवड विरुद्ध पैसा असा मांडला की तो सुटत नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्याच असतात. आधी कर्ज जितकं सैल करता येईल तितकं करून घ्या, मग नोकरी निवडा, असं माझं सरळ मत आहे. बहुतेक जण उलट करतात: हप्ता जसा आला तसा मान्य करतात आणि तो भागवणारी पहिली नोकरी धरतात. कर्जाच्या अटी बदलून घेता येतात. उमेदवारीची पहिली तीन-चार वर्षं चुकीच्या जागी गेली तर ती भरून काढणं फार अवघड असतं.

आधी कर्जाचा कागद वाचा

भारतीय बँक संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, जी बहुतेक सरकारी बँका थोड्याफार फरकाने पाळतात, अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्त्याला सूट असते. परतफेडीची मुदत १५ वर्षांपर्यंत घेता येते. सूट हप्त्याला असते, व्याजाला नसते, आणि इथेच पहिला धक्का बसतो. समजा, दरवर्षी तीन लाख याप्रमाणे दोन वर्षांत सहा लाख रुपये उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. सूट संपेपर्यंत पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचं सरळ व्याज ९० हजार होतं, दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचं ६० हजार. मध्ये काहीच भरलं नसेल, तर पहिल्या हप्त्याच्या दिवशी तुमच्या डोक्यावर सहा नव्हे, साडेसात लाख असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ९,९१० रुपये बसतो, पंधरा वर्षांची घेतली तर सुमारे ८,०६०. खासगी वित्तसंस्थेकडून कर्ज घेतलं असेल, तर शिकत असतानाच व्याज भरण्याची अट असू शकते. म्हणून करारपत्र काढून वाचा, आठवणीवर विसंबू नका.

मी पंधरा वर्षांची मुदत घ्या म्हणतो. त्यावर हिशेबी वाचक लगेच हरकत घेतील की मुदत वाढवली तर एकूण व्याज साधारण ४.४ लाखांवरून ७ लाखांवर जातं. आकडा बरोबर आहे, पण तो तुम्ही पंधरा वर्षं फक्त किमान हप्ताच भरत राहिलात तर लागू होतो. बदलत्या व्याजदराच्या, म्हणजे फ्लोटिंग, वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१४ पासूनच मनाई केलेली आहे. कागदावर ८,०६० चा हप्ता ठेवा आणि जमेल त्या महिन्यात १,८५० वरून भरा. कर्ज जवळपास दहा वर्षांतच फिटेल. फरक इतकाच की आजारपणात, नोकरी बदलताना किंवा शाळेच्या सुट्टीत ते १,८५० रुपये न भरण्याची मुभा तुमच्याकडे राहते. ‘पैसे हातात राहिले की खर्च होतात’ ही दुसरी हरकत मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी ही जादा रक्कम कर्जखात्यात वळती करण्याची कायमची सूचना बँकेला देऊन ठेवा. शिवाय ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं लेखी कळवा, नाहीतर काही वेळा बँक हप्ताच कमी करून टाकते.

बँकेत जाताना हे विचारून या:

- व्याजदर फ्लोटिंग आहे की स्थिर? फ्लोटिंग असेल तर दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक तेच सांगतं.
- सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ता मिळेल का? आदर्श योजनेत त्याला जागा आहे.
- बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या उत्पन्नाच्या काळात पुन्हा सूट मिळते का, किती महिन्यांची, कितीदा? तीही तरतूद योजनेत आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.
- पुढे शिकायचं ठरलं तर याच कर्जाला वाढीव रक्कम जोडता येईल का?

आणखी एक गोष्ट घरी बसून बघायची आहे. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला तर त्यांचाही सिबिल गुण खाली येतो. वडिलांची निवृत्ती दोन वर्षांवर असेल, तर ‘घरचे सांभाळून घेतील’ या गृहीताची मुदतही दोनच वर्षं आहे. हे बोलणं अवघड असतं, पण नोकरी निवडण्याआधीच ते झालेलं बरं.

प्राप्तिकरातल्या ८०ई सवलतीवरून काही जण फार डोकं लढवतात. व्याजावरची ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही आणि उमेदवारीतल्या मानसतज्ज्ञाचं उत्पन्न क्वचितच त्याच्या जवळपास जातं. तेव्हा हा मुद्दा सध्या बाजूला ठेवलात तरी चालेल.

कायद्याने तुम्हाला काय करता येतं

पगाराच्याही आधी बघावी अशी ही बाब आहे आणि सर्वात मोठा गोंधळ इथेच दिसतो. पदवीच्या कागदावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे शब्द असले म्हणून तुम्ही कायद्याच्या अर्थाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ही संज्ञा भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेल्या शिक्षणाशी बांधतो. १९९२ चा पुनर्वास परिषद कायदा सांगतो की नोंदवहीत नाव नसलेल्याला त्या नात्याने सरकारी पद धरता येत नाही, व्यवसाय करता येत नाही आणि प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दंडाच्या रकमेवर हसू येईल, पण कैदेची तरतूद आणि त्यानंतर व्यवसायातली पत, या दोन्हींवर हसण्यासारखं काही नाही. म्हणून एखादं क्लिनिक ‘तुम्ही बुद्ध्यांक चाचणी घ्या, अहवालावर सहीही तुम्हीच करा’ म्हणालं, तर पगार कितीही असो, नाही म्हणा. चाचणी तुम्ही घ्यायची आणि न पाहिलेल्या मुलाच्या अहवालावर दुसऱ्या कोणीतरी सही करायची, हा प्रकारही तितकाच वाईट. अडचण आली की आधी तुम्हालाच पुढे केलं जातं.

समुपदेशक म्हणून शाळेत, महाविद्यालयात, संस्थेत किंवा कंपनीत काम करायला आरसीआयची नोंदणी लागत नाही. या बाकीच्या मानसतज्ज्ञांसाठी २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत मानसतज्ज्ञ हा गट येतो. त्याचा परिणाम दिसूही लागला आहे: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. नोकरी सांभाळून घरबसल्या दुसरी पदवी घेण्याचा बेत आखला असेल, तर तो रद्द समजा.

पर्याय आणि त्यांच्या आतल्या गोष्टी

शाळा आणि महाविद्यालयं. मागणी इथे वाढते आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणं आवश्यक आहे. पगार नियमित, वेळ ठरलेली, म्हणून कर्जदाराला ही नोकरी सोयीची वाटते आणि ती असतेही. फक्त दोन गोष्टी विचारा: पगार बारा महिन्यांचा आहे की दहा, आणि गैरहजर शिक्षकांचे तास तुमच्या गळ्यात पडणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुख्याध्यापकांपेक्षा आधीच्या समुपदेशकाकडून अधिक खरं मिळतं.

सरकारी योजना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, १४४१६ क्रमांकावरची टेली-मानस सेवा आणि येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. योजनांमधली पदं बरीचशी कंत्राटी असतात आणि क्लिनिकलच्या जागांना नोंदणी लागते. पण इथे पहिल्या वर्षात जितक्या तऱ्हेचे रुग्ण दिसतात, तितके खासगी क्लिनिकमध्ये पाच वर्षांत दिसणार नाहीत. थोडा कमी पगार इथे मी हिशेबात सोसण्यासारखा धरीन.

अध्यापन आणि संशोधन. नेट किंवा सेट झालेल्यांना तासिका तत्त्वावर काम मिळतं, पण सुट्टीत उत्पन्न शून्य. कर्ज असताना केवळ त्यावर राहू नका. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी: २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये अधिक घरभाडं अशी आहे. छात्रवृत्तीची रक्कम कधीकधी महिनोन्‌महिने रखडते, एवढं धरून हप्त्यापुरती शिल्लक आधीच बाजूला ठेवा.

कंपनीतला मनुष्यबळ विभाग. इकडे गेलात तर ‘विषयाशी बेइमानी’ झाली, असा टोमणा वर्गमित्रच मारतात. त्याकडे लक्ष देऊ नका. तीन वर्षं तिथे काढून अर्धं कर्ज फेडणं हा पूर्ण सन्माननीय निर्णय आहे. मात्र परत यायचं असेल तर तीन वर्षांत समुपदेशनाचा एकही तास झालेला नाही, अशी स्थिती येऊ देऊ नका. आठवड्याचे दोन-तीन तास एखाद्या संस्थेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, चालू ठेवा.

क्लिनिकमधली टक्केवारी. ‘६०-४०’ हे शब्द ऐकले की हिशेब तोंडी होतो आणि तोंडी हिशेब नेहमी फुगतो. कागद घ्या. शुल्क हजार रुपये, तुमचा वाटा ६००, आठवड्याला २० सत्रं. महिन्याला ४८ हजार, असं क्लिनिक सांगेल. आता नवीन मानसतज्ज्ञाकडे २० जण पहिल्या महिन्यात येत नाहीत, ते सोडून द्या. आले असं धरू. दहातली तीन सत्रं ऐनवेळी रद्द होतात असं धरलं तर उरतात १४, म्हणजे आठवड्याला ८,४०० आणि महिन्याला ३३,६००. वर्षाला ५० हजारांवर व्यावसायिक शुल्क गेलं की दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण हप्ता विवरणपत्राची वाट पाहत नाही. हातात येतात ३०,२४०. त्यातून देखरेखीचं शुल्क, प्रवास, वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर. भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही, दिवाळीत आणि गणपतीत सत्रं निम्म्यावर. याच्या शेजारी २८ हजारांची, निधी आणि रजा देणारी नोकरी ठेवून बघा. तरीही टक्केवारी कधी घ्यावी? आठवड्याचे तीन दिवस पगारी काम हातात असेल आणि क्लिनिक रद्द सत्राचा निदान अर्धा मोबदला देत असेल, तेव्हा. ही जोडगोळी मला सुरुवातीच्या वर्षांत सर्वात शहाणपणाची वाटते.

या सगळ्यांत देखरेख, म्हणजे सुपरव्हिजन, ही पगाराचीच एक बाजू समजा. आठवड्याला एक तास अनुभवी व्यक्ती तुमच्या केसेस ऐकते की नाही, यावर तुम्ही तीन वर्षांनी काय असाल ते ठरतं. बाहेर हेच विकत घ्यायचं तर दर महिन्याला खर्च पडेल. तेव्हा दोन पगारांची तुलना करताना ती रक्कम मिळवून बघा. नियुक्तीपत्रात ‘मार्गदर्शन दिले जाईल’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कोण देणार, केव्हा देणार, हे लिहून मागा.

पुन्हा शिकायचं का?

पूर्ण वेळ दोन वर्षांच्या क्लिनिकल प्रशिक्षणाची किंमत म्हणजे फक्त त्याचं शुल्क नव्हे. २५ हजारांची नोकरी सोडून गेलात तर दोन वर्षांत सहा लाखांचं उत्पन्नही जातं आणि जुन्या कर्जावर व्याज चालू राहतं. सरकारी संस्थेत जागा मिळाली, जसं बंगळुरूची निम्हान्स, रांचीची सीआयपी, तेजपूरची मनोआरोग्य संस्था किंवा पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, तर हा हिशेब सहज जुळतो. कारण शुल्क कमी असतं आणि रुग्णसंख्या मोठी. खासगी विद्यापीठात लाखोंचं शुल्क भरून हीच पात्रता घ्यायची असेल, तर आधीचं कर्ज आणि नवं कर्ज मिळून येणारा हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या भागापेक्षा वर जातो का, ते बघा. जात असेल तर एक-दोन वर्षं कमवा, तोवर सरकारी संस्थांच्या प्रवेश परीक्षा देत राहा. ‘वय निघून जाईल’ ही भीती घरात घातली जाते. या व्यवसायात पंचविशीपेक्षा तिशीतल्या माणसाकडे लोक जास्त विश्वासाने बोलतात, हे त्यावरचं उत्तर आहे.

मार्ग सध्या बदलत आहेत हेही ध्यानात घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात एम. फिल. बंद करायचं ठरलं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम. फिल. प्रवेशांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली होती. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला, त्याच शैक्षणिक वर्षासाठी आरसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः पाहा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं प्रवेश कक्षातून सांगितलं गेलं, तर त्याचा अर्थ मान्यता नाही. संस्था दर्जेदार संस्थांच्या यादीत असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी योजना बघा: तारण किंवा जामीनदार लागत नाही, आणि कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सूट-काळात तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते.

परदेशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम. एस्सी.ने तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. ती संज्ञा तिथे कायद्याने राखीव आहे आणि तिच्यासाठी डॉक्टरेट पातळीचं प्रशिक्षण लागतं. तेवढ्यासाठी घर तारण ठेवू नका.

आठवड्याअखेरच्या प्रमाणपत्रांचंही तसंच. एखाद्या उपचारपद्धतीचं चांगलं प्रशिक्षण कामाचं असतं, पण त्याने कायदेशीर अधिकार एकही मिळत नाही. नोकरीत जी अडचण खरोखर आली, तिच्यावरचं प्रशिक्षण घ्या. भिंतीवर लावायला फ्रेम भरपूर झाल्या आणि कर्जही वाढलं, असं झालेले उमेदवार मुलाखतींना पुष्कळ येतात.

सही करण्याआधी

- मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट मान्य करू नका. पडताळणीला दाखवा, प्रत द्या, परत घ्या.
- बाँड ‘कोर्टात टिकत नाही’ या समजावर सही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँक अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध ठरवली. कर्ज असताना बाँड म्हणजे दुसरं कर्जच.
- नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं या शहरात व्यवसाय करायचा नाही, ही अट मात्र करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. तरी ती काढून टाकायला सांगा. वाद घालायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे.
- तुम्ही ‘कर्मचारी’ आहात की ‘कन्सल्टंट’, हे शब्द नीट वाचा. २६ आठवड्यांची प्रसूती रजा, निधी, उपदान हे सगळं त्या एका शब्दावर अडतं.
- प्रशिक्षणार्थी असलात तरी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण तुम्हाला आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या क्लिनिकमध्ये अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.
- बिनपगारी ‘इंटर्नशिप’ पदव्युत्तर शिक्षणानंतर तीन महिन्यांहून जास्त करू नका, आणि तीही देखरेखीचे तास लिहून मिळणार असतील तरच.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

आधी बँकेत जा, हप्ता चुकायच्या आधी. कर्ज ९० दिवस थकलं की खातं बुडीतात जमा होतं आणि मग शाखा व्यवस्थापकाच्या हातातही फार काही राहत नाही. त्याआधी लेखी अर्ज द्या: नोकरी सुटल्याचा कागद किंवा नवं, कमी उत्पन्न दाखवणारा खात्याचा उतारा जोडा, सूट किती महिन्यांची हवी ते लिहा, आणि पोच घ्या. तोंडी ‘बघू’ला काही किंमत नाही. वसुली प्रतिनिधीला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी बदनामी करण्याचा अधिकार तर मुळीच नाही. तसं झालं तर वेळ, क्रमांक आणि काय बोलणं झालं याची नोंद ठेवून बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेला दिलेल्या अर्जाची पोच त्या तक्रारीला जोडावी लागते.